भरल्या मातीत उपाशी पीक

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत विज्ञान शिकवत आणि घरची शेतीही स्वतः पाहत. त्यांच्या नावाने बोलायचं तर शेतात दिसणारा आणि प्रयोगशाळेत उलगडणारा विषय असावा, असं मला वाटलं. पिकाला अगदी थोडी लागणारी जी अन्नद्रव्यं, म्हणजे लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल, ती मातीत एकमेकांशी कशी वागतात हे आज सांगायचं आहे. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. पान पिवळं पडलं की आपण विचारतो, काय कमी पडलं? त्याच्या आधी विचारायला हवं, काय अडलं, आणि कोणी अडवलं? हा क्रम चुकतो म्हणून दरवर्षी आपल्या शेतकऱ्यांचा पैसा मातीत जातो आणि पान पिवळंच राहतं.

भारी काळ्या रानातला भुईमूग किंवा उसाचा खोडवा डोळ्यांसमोर आणा. चार-सहा दिवस झड लागते. पाणी निचरत नाही. पाऊस उघडल्यावर बघावं तर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आणखी काही दिवसांनी शिराही फिकट होतात आणि पान पांढुरकं पडतं. आपल्याकडे म्हणतात, केवडा पडला. हे लोहाच्या उणिवेचं लक्षण आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या रानात लोह किती असतं, याचा हिशेब करून पाहा. एका हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २० लाख किलो माती असते. आपली काळी माती बेसाल्टची, म्हणजे मुळातच लोहसंपन्न खडकाची. तीत ५ टक्के लोह धरलं तरी हेक्टरी १ लाख किलो झालं. पिकाला हंगामात लागतं ते किलो-दोन किलो, जास्तीत जास्त काही किलो. लाख किलो लोहावर उभं राहून पीक लोहासाठी तडफडतं, आणि आपण त्याला २५ किलो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकतो. त्या लाखात हे २५ किलो पडून काय होणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर सामूत, म्हणजे मातीच्या पीएचमध्ये, आहे. हवा खेळत्या मातीत लोह तिहेरी भाराच्या रूपात असतं, साध्या भाषेत गंजाच्या रूपात. या लोहाची विद्राव्यता सामू एका अंकाने वाढला की हजारपटीने घटते. जस्ताची शंभरपटीने घटते. सामू ६ असलेल्या मातीतून ८ असलेल्या मातीत आलो, तर लोहासाठी ही घट दहा लाखपट झाली. सामू ८च्या आसपास तर लोहाची विद्राव्यता तळालाच गेलेली असते. पश्चिम महाराष्ट्रातली, मराठवाड्यातली, विदर्भातली किती रानं ७.८ ते ८.५ या पट्ट्यात बसतात, ते तुम्ही तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत पाहू शकता. अशा जमिनीत हिराकस नुसतं मातीत टाकलं की काही दिवसांतच ते गंज होऊन त्या लाख किलोंत मिसळून जातं.

मग अशा मातीत गवत तरी हिरवं कसं राहतं? वनस्पती मुकाट बसत नाहीत. लोह कमी पडायला लागलं की भुईमूग, हरभरा, सोयाबीन, द्राक्ष, संत्रा अशी द्विदल वर्गातली झाडं मुळांतून आम्ल सोडतात, मुळाभोवतीचा सामू खाली आणतात, आणि मुळाच्या पृष्ठभागावर तिहेरी भाराचं लोह दुहेरी भाराचं करून आत घेतात. ज्वारी, बाजरी, मका, गहू, ऊस, भात या गवतवर्गीय पिकांची रीत वेगळी. ती मुळांतून एक खास पदार्थ सोडतात. तो गंजातलं लोह पकडतो आणि पकडलेलं लोह तसंच्या तसं मूळ आत ओढून घेतं. जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी १९७०च्या दशकात हे पदार्थ ओळखले. सगळी गवतं यात सारखी नाहीत. बार्ली भरपूर सोडते, गहू बऱ्यापैकी, मका त्याहून कमी, ज्वारी आणि भात फारच थोडं. पाणी न साठवता कोरड्या वाफ्यावर टाकलेली भाताची रोपं चुनखडीच्या जमिनीत का पिवळी पडतात, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या ध्यानात येईल की झड लागल्यावरच भुईमूग का पिवळा पडतो. चुनखडी, पाणी आणि मुळांनी व जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून बायकार्बोनेट तयार होतं. ओल्या, दाबलेल्या मातीतून हा वायू बाहेर पडत नाही, तो साठतो, आणि बायकार्बोनेट वाढतं. द्विदल झाड मोठ्या कष्टाने मुळाभोवती आम्ल सोडतं आणि बायकार्बोनेट ते आम्ल मारून टाकतं. सामू खाली येतच नाही. पुढे पाऊस उघडला, रानाला वाफसा आला, मातीत हवा शिरली की पुष्कळदा नवी पानं आपोआप हिरवी निघतात. त्याच दिवसांत कोणी काही फवारलेलं असलं तर श्रेय त्या बाटलीला मिळतं. बाटलीने काम केलं की वाफशाने, हे कळायला फवारा न मारलेली एखादी ओळ शेजारी असावी लागते.

बोअरच्या पाण्यातही बायकार्बोनेट असतं. उन्हाळ्यात विहीर आटून बोअरवर यावं लागलं, की वरून पाऊस नसतानाही हाच खेळ सुरू होतो. माती परीक्षण करणारे पुष्कळ आहेत, पाणी परीक्षण करणारे फार थोडे. चुनखडीच्या पट्ट्यात तरी दोन्ही बरोबर व्हायला हवं.

याहून चकित करणारी गोष्ट पानाच्या आत घडते. केवड्याने पिवळं पडलेलं पान तोडून प्रयोगशाळेत एकूण लोह मोजलं, तर ते कधी कधी हिरव्या पानाइतकंच भरतं, क्वचित जास्तही. लोह मुळातून आत आलं, पानापर्यंत पोचलं, आणि तिथे निकामी होऊन बसलं. यावर १९८०मध्ये कट्याल आणि शर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी एक उपयोगी पद्धत दिली. ताज्या पानातलं एकूण लोह मोजण्याऐवजी त्यातलं दुहेरी भाराचं, म्हणजे कामावर असलेलं लोह मोजायचं. त्यांच्या पद्धतीने हिरवं पान आणि पिवळं पान स्पष्ट वेगळं पडतं. द्राक्ष बागायतदार देठ परीक्षण करून घेतात, ते चांगलंच आहे. पण अहवालात एकूण लोह पुरेसं दिसलं म्हणून बागेला लोह मिळतंय, असं धरून चालू नये.

कृषी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं की त्यात लाकडी फळ्यांच्या पिंपाचं चित्र असतं. सगळ्यांत आखूड फळी जिथे असेल तिथवरच पाणी राहतं, तसं सगळ्यांत कमी पडणारं अन्नद्रव्य पिकाचं उत्पन्न ठरवतं. कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८च्या सुमारास हा विचार मांडला आणि लीबिग यांनी १८४०नंतर तो जगभर पोचवला. तो नियम आजही खरा आहे. मात्र त्या चित्रात फळ्या एकमेकींपासून अलग आहेत. एक उंच केली तर शेजारची आखूड होत नाही. मातीत ती होते, आणि शेतीत आपलं सर्वाधिक नुकसान तिथेच होतं.

स्फुरद आणि जस्ताचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या प्रत्येक शेतात घडतं. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने वनस्पती-रोगशास्त्रज्ञ होते. तिथल्या भातावर 'खैरा' नावाचा रोग येई. रोप खुजं राही, पानांवर तपकिरी-तांबूस डाग पडत आणि सगळं शेत भाजल्यासारखं दिसे. १९६६मध्ये नेने यांनी दाखवून दिलं की हा जंतूंचा रोगच नाही, ही जस्ताची उणीव आहे. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो विरी गेलेला चुना १००० लिटर पाण्यात मिसळून फवारा, हा उपाय पुढे देशभर पोचला. हा माणूस रोगशास्त्रज्ञ होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जंतू शोधायला गेलेला माणूस जंतू नाही असं प्रामाणिकपणे म्हणू शकला, म्हणून जस्त सापडलं. पुढच्याच वर्षी, १९६७मध्ये, देशात सूक्ष्म अन्नद्रव्यांवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यातून जमा झालेले लाखो नमुने सांगतात की देशातल्या सुमारे ३६ टक्के मातीत जस्त अपुरं आहे, सुमारे २३ टक्क्यांत बोरॉन आणि सुमारे १३ टक्क्यांत लोह.

हे जस्त गेलं कुठे? पिकं वाढली, उत्पन्न वाढलं, धान्याबरोबर जस्त रानाबाहेर गेलं आणि शेणखत कमी झालं. हे खरंच. पण आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी सुपर फॉस्फेट वापरात होतं, त्यात गंधक असे, कॅल्शियम असे आणि कच्च्या खनिजाबरोबर आलेलं थोडं जस्तही असे. नंतर डीएपी आलं. ते शुद्ध, वाहतुकीला स्वस्त, नत्र आणि स्फुरद एकाच गोणीत. शुद्धतेबरोबर गंधक गेलं, जस्त गेलं, आणि स्फुरद मात्र दरवर्षी पडत राहिला. काळी माती स्फुरद धरून ठेवते. वर्षानुवर्षं डीएपी घेतलेल्या बागायती रानाचा अहवाल पाहा, स्फुरदाच्या रकान्यात 'भरपूर' किंवा 'अत्यंत भरपूर' लिहिलेलं असतं आणि तरीही लागणीला डीएपी पडतंच.

भरपूर स्फुरद जस्ताला तीन-चार वाटांनी अडवतो. एक, दोन्ही एकत्र आले की न विरघळणारं झिंक फॉस्फेट बनतं; म्हणून झिंक सल्फेट आणि डीएपी एकाच वेळी मिसळून टाकू नये, आणि ठिबकच्या टाकीत फॉस्फोरिक आम्लाबरोबर तर मुळीच नाही. दोन, स्फुरदामुळे पीक जोमाने वाढतं आणि तेवढंच जस्त मोठ्या देहात वाटलं जातं. तिसरी वाट जमिनीखालची आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. मुळांवर मायकोरायझा नावाची बुरशी राहते. तिचे तंतू मुळापासून कितीतरी लांब पसरतात आणि मूळ जिथे पोचत नाही तिथून स्फुरद आणि जस्त आणून देतात. त्या बदल्यात झाड तिला साखर देतं. मातीत स्फुरद भरपूर झाला की झाडाला तिची गरज उरत नाही, ते साखर देणं कमी करतं, बुरशी आखडते, आणि तिच्याबरोबर येणारं जस्तही थांबतं. जस्त मातीत स्वतःहून फारसं हलत नाही. मुळापासून काही मिलिमीटर पलीकडचं जस्त मुळासाठी नसल्यासारखंच, ते आणणारा कोणी असेल तरच उपयोगाचं.

चौथी गोष्ट उलट दिशेने जाते. जस्ताची उणीव पडली की मूळ स्फुरदावरचा ताबा हरवतं. गरज नसताना स्फुरद आत येत राहतो आणि जुन्या पानांत साठून विषासारखा होतो. ऑस्ट्रेलियात लोनेरगन यांनी, आणि पुढे १९८६मध्ये चाकमाक व मार्शनर यांनी कपाशीवर हे दाखवलं. म्हणजे स्फुरद जस्ताला अडवतो, आणि जस्त कमी पडलं की स्फुरदाचा पूर येतो. अशा शेतात 'पीक चालत नाही' म्हणून डीएपीचा आणखी एक डोस देणारा माणूस काय करून बसतो, हे सांगायला नको.

या गोष्टीचं टोक माणसाच्या पोटात आहे. बियाण्यात स्फुरद साठतो तो बहुतांशी फायटेट या रूपात. स्फुरद जास्त मिळालेल्या पिकाच्या धान्यात फायटेट वाढतं, जस्त घटतं, आणि खाल्ल्यावर हेच फायटेट आतड्यात जस्ताला बांधून ठेवतं. १९६१मध्ये इराणच्या शिराझमध्ये आनंद प्रसाद या भारतीय डॉक्टरांनी खुज्या राहिलेल्या तरुणांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचं मुख्य अन्न गव्हाची रोटी होतं. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी जस्ताच्या उणिवेशी त्याचा संबंध जोडला. नंतर तुर्कस्तानात, मध्य अनातोलियाच्या चुनखडीच्या पठारावर, १९९०च्या दशकात इस्माइल चाकमाक यांनी गव्हाला जस्त देऊन उत्पन्न आणि दाण्यातलं जस्त दोन्ही वाढवून दाखवलं. आपल्याकडे धान्य सुधारण्याची बाजूही सुरू झाली आहे. लोहयुक्त बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण महाराष्ट्रात पेरला जातो, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने जस्त व लोह अधिक असलेला बन्सी गव्हाचा एमएसीएस ४०२८ वाण दिला आहे. मला या वाणांचा आनंद आहे. पण वाण कितीही गुणी असला तरी तो मातीतूनच उचलणार. ज्या रानात स्फुरदाने जस्त अडवून ठेवलं आहे तिथे त्या वाणाची अर्धी शक्ती अडथळा पार करण्यातच जाते.

तांब्याची गोष्ट द्राक्षवाल्यांसाठी. १८८५मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण केवड्यावर प्रभावी ठरतं, हे जाहीर केलं, आणि बोर्डो मिश्रण जगभर गेलं. तिथला केवडा म्हणजे बुरशीचा, पानाखाली पांढरी लव आणणारा. मघाशी सांगितलेल्या भुईमुगाच्या केवड्याशी त्याचा संबंध नाही. तांबं हे मातीतून निघून जाणारं द्रव्य नाही. ते वरच्या थरात बसून राहतं. फ्लोरिडातल्या संत्रा-मोसंबीच्या बागांत खतांतून आणि फवारणीतून वर्षानुवर्षं तांबं साठत गेलं, आणि १९५०च्या सुरुवातीला रॉयथर आणि स्मिथ यांनी दाखवलं की तिथल्या पिवळ्या बागा आणि मातीतलं तांबं यांचा थेट संबंध आहे. लोह होतं, तांब्याने मुळं खुरटवली आणि लोहाची वाट रोखली. ती माती आम्ल आणि रेताड होती. आपली चुनखडीची काळी माती तांब्याला घट्ट धरते, त्यामुळे तसा धोका इथे त्याच वेगाने येणार नाही. पण खरड छाटणी आणि गोडी छाटणी, दोन्ही हंगामांत तांबं पडत असलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या बागेला सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणातून पुन्हा तांबं देण्याआधी मातीतलं तांबं मोजून घ्यावं, एवढं मी आग्रहाने सांगेन.

द्राक्षाचीच आणखी एक हकिकत आहे, ती उपाय कुठे सापडतो हे सांगते. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या लोकांनी अमेरिकेतले किडीला दाद न देणारे खुंट आणले. ते कोन्याकच्या चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडून मेले. १८८७मध्ये प्येर व्याला अमेरिकेत गेले आणि टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने चुनखडीच्याच टेकड्यांवर वाढणारी रानवेल त्यांनी निवडली. तिच्या संकरातून आलेल्या खुंटांवर कोन्याकच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या. लोहाची पोती ओतून तो प्रश्न सुटला नव्हता, मूळ बदलून सुटला. आपल्याकडे खुंट निवडताना क्षार आणि पाण्याचा ताण यांचा विचार होतो. रानात मुक्त चुनखडी किती आहे, हा प्रश्नही त्याच यादीत यायला हवा.

मंगल आणि लोहाचंही असंच. हवाई बेटांवर ओआहूच्या काही जमिनींत मंगल इतकं होतं की अननस पिवळे पडत. १९१६मध्ये मॅक्सवेल जॉन्सन यांनी पानांवर हिराकसचं द्रावण मारून ते हिरवे केले. जादा मंगल लोहाची जागा घेतं. बोरॉनचं वागणं निराळं. ते पाण्याबरोबर हलतं, पाऊस खंडित झाला की कोरड्या वरच्या थरातून मिळेनासं होतं, आणि पुरेसं व विषारी यांतलं अंतर त्याच्याइतकं कमी दुसऱ्या कशातच नाही. म्हणून बोरॉन देणारा टाकणखार ही मुठीने टाकायची वस्तू नव्हे.

मॉलिब्डेनमवर मात्र थांबायला हवं, कारण ते बाकीच्यांच्या उलट चालतं. सामू वाढला की लोह, जस्त, मंगल, तांबे अडतात, आणि मॉलिब्डेनम मोकळं होतं. कोकणातल्या जांभ्या आम्ल मातीत ते अडलेलं असतं, तिथे चुना टाकला की सुटतं. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींना नत्र स्थिर करायला ते लागतं. १९४२मध्ये ऑस्ट्रेलियात अँडरसन यांनी दाखवलं की एकराला काही औंस मॉलिब्डेनमने खुरटलेली कुरणं हिरवी होतात. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू आपल्या शेजारी घडली. नागार्जुनसागर धरणाच्या परिसरात, त्या वेळच्या आंध्रात, आधीपासून पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड होतं. धरणानंतर भूजल वर आलं, जमिनींचा सामू वाढला, आणि तरुण मुलांमध्ये गुडघे आत वळून पाय वाकडे होण्याचा विकार दिसू लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णम्माचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याच संस्थेतले देवस्थळे आणि गोपालन यांनी १९७४मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला की मॉलिब्डेनम जास्त असलेली ज्वारी खाणाऱ्यांच्या लघवीतून तांबं अधिक बाहेर पडतं. मुळात फ्लोराइड होतं. पण ज्वारीतलं वाढलेलं मॉलिब्डेनम आणि शरीरातून जाणारं तांबं यांनी हाडांची अवस्था आणखी बिघडवली असावी, असा त्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता. सामू वाढला, मॉलिब्डेनम मोकळं झालं, ते ज्वारीत आलं आणि ताटातून मुलांच्या हाडांपर्यंत गेलं. कालवा काढताना हा हिशेब कोणी मांडला नव्हता. आपल्या कालव्यांखालच्या चोपण होत चाललेल्या रानांत ज्वारी पिकते, म्हणून मी ही गोष्ट तपशिलाने सांगितली.

आता करायचं काय, हे विचाराल. चुनखडीच्या जमिनीत लोह मातीत न देता पानावर द्यावं: १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस, सोबत थोडं सायट्रिक आम्ल, ताजं द्रावण, सकाळी किंवा संध्याकाळी, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण फवारलेलं लोह नव्या पानांत फारसं जात नाही. जस्ताचं तसं नाही; झिंक सल्फेट मातीत हेक्टरी २० ते २५ किलो दिलं तर पुढच्या पिकांनाही त्याचा फायदा पोचतो. यांतलं काहीही मातीतच द्यायचं असेल तर दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवून द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोह-जस्ताला धरून विरघळत ठेवतात. शेणखत कुजलेलंच हवं, हेही लक्षात घ्या. कच्चा काडीकचरा ओल्या चुनखडीच्या रानात गाडला तर कुजताना तोच वायू सोडतो आणि बायकार्बोनेट वाढवतो. नत्राचं रूपही महत्त्वाचं. नायट्रेट घेताना मूळ भोवतालचा सामू वाढवतं, अमोनियम घेताना कमी करतं. केवडा पडणाऱ्या रानात अमोनियम सल्फेट त्यामुळे उपयोगी पडतं.

'चिलेटेड' असं बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याबद्दल एक सूचना. चिलेट म्हणजे अन्नद्रव्याला धरून विरघळत ठेवणारा पदार्थ. त्यांपैकी ईडीटीएने धरलेलं लोह सामू ६.५च्या पलीकडे मातीत टिकत नाही. मातीतलं कॅल्शियम ईडीटीएत लोहाची जागा घेतं आणि लोह पुन्हा गंज होतं. फवारणीला ते चालेल, चुनखडीच्या मातीत देण्यासाठी नाही. तिथे ईडीडीएचए हे रूप टिकतं, सामू ८-९पर्यंतसुद्धा. ते महाग आहे, म्हणूनच पाकिटावरचं रूप वाचून घ्या. जस्ताचं ईडीटीए मात्र चुनखडीत बऱ्यापैकी चालतं. एकाच शब्दाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूंत एवढा फरक असताना दुकानदाराने तो सांगायला हवा, आणि शेतकऱ्याने विचारायला हवा.

राज्यात मातीत द्यायची ग्रेड १ आणि फवारायची ग्रेड २ अशी मिश्रणं ठरलेली आहेत. ग्रेड १मध्ये ५ टक्के जस्त आणि २ टक्के लोह, शिवाय मंगल, तांबं, बोरॉन असतं. मिश्रणं सोयीची आहेत, अनेक शेतांत त्यांचा उपयोगही होतो. पण पाचही अन्नद्रव्यं एकाच वेळी कमी असलेलं शेत दुर्मीळ. एक कमी म्हणून पाच टाकली की बाकीची चार कोणाला अडवतील, हे त्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आंतरपिकाचं एक संशोधन मला फार आवडतं. २०००मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की चुनखडीच्या मातीत एकटा भुईमूग पिवळा पडतो, आणि मक्याच्या शेजारच्या ओळींतला भुईमूग हिरवा राहतो. मक्याची मुळं जो लोह पकडणारा पदार्थ सोडतात, त्याचा लाभ शेजारच्या भुईमुगाला होतो. मुळं एकमेकांत मिसळू दिली नाहीत, तर हा लाभ मिळत नाही. आपल्या भुईमूग पट्ट्यात कृषी विद्यापीठांनी आणि शेतकरी गटांनी हा प्रयोग वेगवेगळ्या ओळींच्या प्रमाणात करून पाहावा, अशी माझी मनापासून मागणी आहे. यात विकत आणायचं काही नाही, म्हणून तो कोणी दुकानातून तुम्हाला सांगणार नाही.

दुसरी मागणी पत्रिकेबद्दल. २०१५मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी मोजल्या जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. मुक्त चुनखडी त्यात नाही. महाराष्ट्राच्या काळ्या मातीला जिच्यामुळे लोह, जस्त आणि स्फुरद या तिघांचंही वागणं ठरतं, तीच पत्रिकेत नाही. प्रयोगशाळेत नमुना देताना मुक्त चुनखडी वेगळी मागून घ्या. तपासणी साधी आहे. रानात तेवढ्यापुरतं पाहायचं असेल तर कोरड्या ढेकळावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, डोळे जपून. जोरात फसफसलं तर तिथे हिराकस मातीत टाकू नका.

आणि फवारणीआधी एक चाचणी करा, अहवाल येईपर्यंत थांबावं लागत नाही. पिवळी पडलेली सारख्या वयाची झाडं निवडा. काहींच्या पानांना ब्रशने अर्ध्या टक्क्याचं हिराकसचं द्रावण लावा, काहींना अर्ध्या टक्क्याचं झिंक सल्फेट निम्म्या चुन्यासह, काहींना नुसतं पाणी, आणि काही तशीच सोडा. प्रत्येक झाडाला वेगळ्या रंगाची सुतळी बांधा. आठ-दहा दिवसांत लोहाची उणीव असेल तर लोह लावलेल्या पानावर हिरवे ठिपके उमटतात, द्रावण जिथे लागलं नेमकं तिथे. सगळीच हिरवी झाली, न लावलेलीसुद्धा, तर रानाला वाफसा आला आहे आणि तुमचे पैसे वाचले. कुठलंच हिरवं झालं नाही, तर एक झाड उपटून मुळं पाहा: बुरशी, सूत्रकृमी, कुजलेली टोकं. तिथून पुढचा प्रश्न खताचा उरत नाही.